सुशीची धाकटी बहीण

चिमाबाई मोरीत पाय घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. टाके निघाल्यावर डॉक्टरांनी वॉकर दिला आणि रोज चालायचंच, असं बजावलं. पण वराळ्याला घरी आल्यावर चिमाबाईंनी पलंग धरला तो धरलाच. वॉकर भिंतीला टेकून उभा राहिला आणि त्याच्यावर टॉवेल वाळू लागले.

"आई, थोडं तरी उठा," सून प्रतीक्षा म्हणायची.

"कशाला? कुटं जायाचंय मला आता?"

सासरे भिकाजी खंडाळ्याच्या घाटात रेल्वेच्या गँगमध्ये राबून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, "ऱ्हाऊ दे तिला निवांत. लय कष्ट केल्यात तिनं." बोलायचे मायेनंच. पण प्रतीक्षा लोणावळ्याच्या एका दवाखान्यात लॅबमध्ये कामाला होती. एकदा पलंग धरलेली म्हातारी माणसं पुढे कशी होतात, हे ती रोज बघत होती. तिचा नवरा प्रदीप कंपनीत पाळीवर जायचा. त्यामुळे संध्याकाळी सासूजवळ तीच बसायची आणि बसल्या बसल्या वाचायची.

वाचनाचा तिला जुना नाद. त्यातही चिनी कादंबऱ्यांचा. कॉलेजात असताना मराठीत आलेली एक हाती लागली आणि तेव्हापासून तळेगावच्या वाचनालयात ती तसलीच पुस्तकं हुडकायची. राजे-लढायांपेक्षा तिला त्यातली घरं आवडायची. एका अंगणाभोवती राहणारी खंडीभर माणसं, सासवा, सुना, दुष्काळ, क्रांती, आणि सगळं उलथंपालथं होत असताना चुलीवर काहीतरी शिजत ठेवणाऱ्या बायका.

एका संध्याकाळी चिमाबाईंनी कूस न बदलताच विचारलं, "काय वाचतीस एवढं? मघाधरनं मान वर न्हाई."

"चीनमधली गोष्ट आहे, आई. शूचेन नावाच्या मुलीची."

"ह्ये कसलं नाव? जीभ वळना. सुशी म्हन."

"बरं, सुशी. लहानपणी तिची आई तिचे पाय कापडानं करकचून बांधते. बोटं आत दुमडून. पाय वाढू नये म्हणून."

"आगं बया! का?"

"बारक्या पायाची मुलगी देखणी समजायचे. तिलाच चांगलं स्थळ यायचं."

चिमाबाई उशीवर वर सरकल्या. "आन आईच बांधायची?"

"आईच. तिचेही तिच्या आईनं बांधलेले."

"वाच. मोट्यानं वाच."

त्या दिवसापासून रोज वाचन सुरू झालं. चिमाबाईंना सुशीच्या सासूचा राग यायचा, सुशीच्या मुक्या जावेची दया यायची. "बुद्धाला मानत्यात ना गं तितं? मग असं कसं वागत्यात?" असंही त्या विचारायच्या. प्रतीक्षा म्हणायची, "आपल्याकडं नाही का वागत?" तेव्हा त्या 'फुडं वाच' म्हणायच्या.

मग एकदा, सुशीच्या माहेरच्या गावात दुष्काळ पडला आणि तिच्या बापानं घरात कोणाला तरी कमी करायचं ठरवलं, तिथंच प्रतीक्षानं पुस्तक मिटलं. टॉवेल काढून वॉकर पलंगाशी आणला. "पुढचं बाहेर ओट्यावर वाचणार. यायचं तर चालत या."

"मला खेळवतीस व्हय?"

"खेळवते."

चिमाबाई चिडल्या. त्या रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही त्या तोंड फिरवून पडून राहिल्या आणि प्रतीक्षा एकटीच ओट्यावर जाऊन बसली. आजारी माणसाला असं अडवणं बरं नव्हे, हे तिला कळत होतं. पण ती उठली नाही. तिसऱ्या दिवशी आतून वॉकर फरशीवर घासल्याचा आवाज आला. भिकाजी धावले तशा चिमाबाई ओरडल्या, "हात लावू नका! माजी मी येती." घामाघूम होऊन, दात-ओठ खात त्या उंबऱ्यापर्यंत आल्या आणि खुर्चीत बसल्या.

"सांग आता. कुनाला घालवलं?"

प्रतीक्षानं वाचलं. सुशीच्या बापानं धाकट्या मुलीला नदीपलीकडच्या एका घरात देऊन टाकलं. तिथं मोठी होईपर्यंत राबायचं आणि मग त्याच घरच्या मुलाची बायको व्हायचं. धाकटी रडत नव्हती. तिला वाटत होतं, आपण जत्रेला चाललोय.

चिमाबाईंनी हात वर केला. "थांब."

त्यांनी नजर समोरच्या नव्या इमारतींकडे वळवली. मग म्हणाल्या, "शालनला बी असंच वाटलं व्हतं."

शालन ही त्यांची धाकटी बहीण. इंदुरीला असते, एवढंच प्रतीक्षाला ठाऊक होतं. लग्न होऊन प्रतीक्षा या घरात आल्यापासून शालनमावशी कधी आली नव्हती आणि तिचं नावही कोणी काढत नसे.

"आमच्या मावशीला मूलबाळ नव्हतं," चिमाबाई सांगू लागल्या. "आईनं शालन तिला दिली. नवं परकर-पोलकं घालून इंदुरीला न्हेली. मावशीनं चांगलं संबाळलं, खोटं कशाला बोलू? पन शालन मला सारकी इचारायची, अक्का, मलाच का दिली? तुला का न्हाई दिली?"

"मग आता येणं-जाणं का नाही?"

"तिच्या लेकीचं, अमृताचं लगीन ह्यांच्या पुतन्याशी ठरलं व्हतं. सुपारी फुटली. मंग पोरगी म्हनली, मला नर्सिंगचं शिकायचंय, आत्ता लगीन नको. भिमाजी, शालनचा मालक, पोरीच्या बाजूनं उभा ऱ्हायला. ह्यांना अपमान वाटला. म्हनले, त्या घराचं त्वांड बगायचं न्हाई." चिमाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "भांडान दोगा साडवांचं, आन त्वांड आमी बहिनींनी मिटलं. इंदुरी काय चीनमदी हाय का? हितनं नदी वलांडली की आली."

पुस्तकात पुढे सुशी म्हातारी होते. लढाई चालू असते, घर जळालेलं असतं. त्या दुमडलेल्या पायांनी ती धाकटीला शोधायला निघते. हे ऐकून झाल्यावर चिमाबाई खुर्चीतून स्वतः उठल्या आणि घरात जाऊन नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"अवो, मी इंदुरीला जानार हाय. शालनकडं."

भिकाजींनी टीव्हीचा आवाज कमी केला. "काय गरज हाय?"

"भन हाय माजी."

"त्यांनी चार मानसात माजी मान खाली घालाया लावली, इसारलीस?"

"पोरीनं शिकते म्हटलं, यवढंच केलं. आपली सून शिकलेली हाय, तिचा पगार आपून खातो, तवा मान कुटं खाली जाती?"

"आई..." प्रतीक्षा मध्ये पडली.

"तू बोलू नगंस. ह्ये आमचं हाय." चिमाबाई पुन्हा नवऱ्याकडे वळल्या. "तुमी म्हनला म्हनून यवढी वर्सं मी गेले न्हाई. आता मी म्हनते म्हनून जाते. तुमी यावं आसं न्हाई. पन आडवू नका."

भिकाजींनी रिमोट हातात घेतला. त्यांनी पुन्हा टीव्ही मोठा केला.

मग चिमाबाईंना कोणी चाला म्हणायची गरज उरली नाही. पहाटे ओट्यापर्यंत, मग दारातल्या कडुनिंबापर्यंत, पुढे रस्त्याच्या वळणावरच्या दुकानापर्यंत. खुबा ठणकायचा तेव्हा त्या थांबून शिव्या द्यायच्या आणि पुन्हा निघायच्या. वॉकर सुटून काठी आली.

एका रविवारी प्रदीपनं रिक्षा आणली. भिकाजी सकाळीच विहारात निघून गेले होते. इंदुरीत शालनच्या गल्लीत गटाराच्या पाइपसाठी रस्ता खणला होता. रिक्षा तोंडाशीच थांबली. प्रदीप म्हणाला, "मी उचलून नेतो." चिमाबाईंनी त्याचा हात बाजूला केला. एका हातात काठी, दुसरा हात प्रतीक्षाच्या खांद्यावर, मातीच्या ढिगाऱ्यांना वळसा घालत त्या निघाल्या.

शालन दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि सूप मांडीवर तसंच राहिलं.

"जय भीम, मावशी," प्रतीक्षा म्हणाली.

शालन तिच्याकडे बघत नव्हत्या. "अक्का, तुजा पाय मोडला आसं कळलं व्हतं मला."

"मंग आली न्हाईस?"

"तू कवा बोलावलंस?" शालनचा आवाज एकदम चढला. "आई गेली तवा दिसलो, त्येवढंच. तवाबी तू माज्याशी बोलली न्हाईस. पयलं आईनं दिलं, मंग तू सोडलंस. मी किती येळा परकं व्हायाचं?"

चिमाबाईंनी काठी भिंतीला लावली, ओट्याचा आधार घेत कशाबशा बहिणीच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "भांड. समदं भांडून घे. मी संध्याकाळपातूर हाय."

शालन भांडल्या, मग रडल्या, मग चहा ठेवायला उठल्या. भिमाजी आले, त्यांनी मेव्हणीला वाकून नमस्कार केला आणि साडूची तब्येत विचारली. अमृता आता पिंपरीत मोठ्या दवाखान्यात सिस्टर होती. व्हिडिओ कॉलवर तिनं मावशीला काठी सोडून चालायला लावलं आणि कंबर वाकवू नकोस म्हणून दटावलं.

घरी परतल्यावर चिमाबाई भिकाजींना म्हणाल्या, "फुडल्या रईवारी शालन यनार हाय. बोलायचं का न्हाई, तुमचं तुमी ठरवा."

शालन आल्या. भिकाजी आतल्या खोलीत बसून राहिले. जेवायची वेळ झाली तेव्हा बाहेर येऊन त्यांनी एवढंच विचारलं, "भिमाजी न्हाई आला?"

"तुमी बोलावलं न्हाई," शालन म्हणाल्या.

भिकाजी पाटावर बसले, भाकरी मोडली, आणि ताटाकडे बघतच म्हणाले, "प्रदीप, त्याला फोन लाव."