मागच्या गुरुवारचं पाणी

दीपमाला गावाच्या पाण्याच्या टाकीवर चढली आणि ब्लीचिंग पावडरचा भपका नाकात शिरताच तिचं डोकं सणकलं. अमरावतीच्या प्रयोगशाळेतून ती पाणी तपासायला येणार हे सरपंच नत्थुजींना काल कळलं होतं. आज सकाळीच टाकीत पावडरीचं अर्धं पोतं रिकामं झालं होतं.

गावात तेरा जणांना हगवण लागलेली. गावकुसाबाहेरच्या मोहल्ल्यातल्या जमुनाची पोरगी अकोल्याला दवाखान्यात सलाईनवर पडलेली. पाणी अयोग्य ठरलं तरच टँकर मिळणार होता, पण मग टाकीचं खापर सरपंचांवर फुटलं असतं.

दीपमालाचं यंत्र जेवणाच्या डब्याएवढं. पाण्यात रंग मिसळला की जिवंत जंतू पडद्यावर हिरवे चमकत आणि वीस मिनिटांत मोजून होत. टाकीतले जिवंत जंतू निघाले शून्य.

"झालं ना बाई? लिवा मंग, योग्य," नत्थुजी म्हणाले.

"नळ कधी सोडता?"

"दर गुरुवारी."

"आज मंगळवार. म्हंजे गाव पाच दिवसांपासून ड्रमात भरलेलं, पावडरीच्या आधीचंच पानी पिऊन राहिलं."

ती तडक जमुनाच्या घरी गेली, मागोमाग नत्थुजीही. तिच्या ड्रममधल्या चमचाभर पाण्यात निघाले वीस हजार जिवंत जंतू.

"त्या मोहल्ल्यातले ड्रमच घान असतात," नत्थुजी हसले. "टाकीचा काय दोष?"

दीपमाला अशाच मोहल्ल्यात वाढली होती. हे वाक्य तिनं शाळेत ऐकलं होतं, नोकरीतही ऐकलं होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला, पण आवाज तिनं चढवला नाही. "चला, तुमचा ड्रम पाहू."

सरपंचांच्या घरचा ड्रम घासलेला, वर स्वच्छ फडकं बांधलेलं. त्यांच्या बायकोनं, कौशल्याबाईंनी, रीतीप्रमाणे त्यातलंच पाणी ग्लासांत भरून पुढं केलं. दीपमालानं ग्लासाला हात लावला नाही, ड्रममधलं चमचाभर पाणी यंत्रात घातलं. वीस मिनिटांत नत्थुजी घोट घोट करत अर्धा ग्लास प्यायले, तोवर आकडा आला, बावीस हजार.

"मशीन बिघडली असन," ते पुटपुटले.

कौशल्याबाई पडद्यावरच्या वळवळत्या हिरव्या ठिपक्यांकडं बघत राहिल्या. मग नवऱ्याकडं वळल्या.

"आपली नात चार दिवसांपासून हगून हगून अर्धी झाली. तिचं दूध याच पान्यात कालवून राहिली मी. बाईले दाखवाले अर्धं पोतं टाकीत ओतलं, अन् घरच्या ड्रमात चिमूटभर टाकाचं सुचलं नाही तुमाले?"

नत्थुजींनी ग्लास खाली ठेवला. त्यांच्याकडं न बघता दीपमालानं अहवाल काढला आणि 'पिण्यास अयोग्य' असं लिहिलं. राग इतका होता की पेनचं टोक कागदाच्या आरपार गेलं.