कडेची वाटी

मित्रांनो, मी एक जुने, काळे, मातीचे भांडे आहे. दिसायला तुमच्या आप्पेपात्रासारखे, फक्त माझ्या प्रत्येक वाटीला स्वतःचे झाकण आहे. आणि मी खुनशी आहे, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म दूर पूर्वेकडच्या, चाम लोकांच्या बाउ त्रुक गावचा. तिथे कुंभाराचे चाक नसते. कुंभारीणच मडक्याभोवती उलट्या पावलांनी फिरते. माझ्याभोवतीही एक म्हातारी अशीच फिरली आणि तिने मला पेंढ्याच्या जाळात भाजले. मातीच्या पोटात जे शिरते ते मुरते, मग ते तेल असो की राग.

पुढे मी फान रांग शहरात लाम नावाच्या बाईच्या अंगणात आले. लाम कांद्याच्या पातीची जुडी तेलात बुडवून माझ्या वाट्यांतून फिरवायची, मग तांदळाचे पीठ ओतायची. लावा पक्ष्याचे अंडे ती कधी आपटत नसे. आपटले की आतला पापुद्रा चिवटपणे धरून राहतो आणि बलक फुटतो. ती सुरीने त्याचे टोक उडवायची, अंडे पिठावर सोडायची आणि झाकण ठेवायची. थोड्या वेळाने ते अलगद सुटून यायचे. गल्लीतली माणसे वासावर यायची आणि माझे कौतुक करायची. इतक्या वर्षांचे ते तेल हीच माझी कमाई होती.

आमच्या चाम लोकांत मुलगा नांदायला येतो आणि आईचे घर धाकट्या मुलीला मिळते. लाम धाकटी, म्हणून थोरली तुयेत तिच्यावर जळायची. लामच्या मुलीचा, न्हूचा, तान नावाच्या मुलावर जीव जडला होता. लामने रीतीप्रमाणे त्याला मागणी घातली. त्याची आई घर बघायला येणार असा निरोप आला, तशी तुयेत आदल्या दिवशीच येऊन बसली. तिलाही लग्नाची मुलगी होती.

“लाम, उद्या चुलीपाशी मी बसते. तुझे हात थरथरतात.”

“ताई, तू कशाला त्रास घेतेस?”

“आणि हे काळं ध्यान पाहुण्यांपुढे मांडणार? या घरात भांडी घासत नाहीत असं म्हणतील लोक.”

लाम बाजारात गेल्यावर तुयेतने मला नळाखाली ओढले आणि साबण लावून तारेच्या घासणीने खरवडले. माझी सगळी कमाई मोरीतून वाहून गेली. मी रडले नाही. साबण पोटात धरला आणि वाट पाहिली.

दुसऱ्या दिवशी तुयेत पाहुणीसमोर तोऱ्यात बसली. “माझी मुलगी माझ्याच हाताखाली शिकली हो,” असे म्हणत तिने अंडी सोडली. मी ती दातांनी धरावीत तशी धरली. तिने खरवडले, बलक फुटले, झाकणाने तिचे बोट भाजले. मला फार बरे वाटले.

तानची आई बाउ त्रुकचीच. पहिल्या घासालाच ती चावायची थांबली.

“भांडं साबणानं घासलंय?”

“न्हूनं घासलं,” तुयेत म्हणाली. “माझी मुलगी असं कधी करणार नाही.”

“मग अवघड आहे बाई. माझा मुलगा इथे जन्म काढणार. त्यानं काय साबण खायचा?”

न्हूचा चेहरा पडला. माझा सूड भलत्याच दारात जाऊन पडला होता, आणि याचा मला जास्तच संताप आला.

न्हू चुलीपाशी येऊन बसली. तिने मला धूर निघेपर्यंत निखाऱ्यांवर तापवले, तेल पाजले, पहिला घाणा करपवून कोंबड्यांना टाकला आणि पुन्हा तेल फिरवले. तो हात मी तिच्या लहानपणापासून ओळखत होते. जवळजवळ सगळा साबण जाळाला देऊन मी तिची अंडी मोकळी सोडली.

तानच्या आईने ती चवीने खाल्ली. “जिला रुसलेलं भांडं वळवता येतं, ती त्याला साबण लावेल होय?” ती म्हणाली आणि साबणाच्या चवीची पहिली थाळी तिने तुयेतकडे सरकवली. “एवढ्या मायेनं केलंत, टाकायचं नाही. खा, आम्ही थांबतो.”

पाहुणीला नाही कसे म्हणणार? तुयेतने सगळे खाल्ले. मी निखाऱ्यांवर बसून तिचा एकेक घास पाहिला.

तान आता इथेच नांदतो. न्हू मला तेल लावते, कोरड्या फडक्याने पुसते. मित्रांनो, भांड्यांची काळजी घ्या, मातीच्या भांड्याला साबण लावू नका. तुयेत अजूनही सणाला जेवायला येते. तिच्यासाठी कडेच्या एका वाटीत थोडा साबण मी जपून ठेवला आहे.