सप्तमीचा पाठ

शके अठराशे पस्तीसच्या मार्गशीर्षात नंदुरबारच्या सिद्धनाथ मंदिरामागील ओवरीत सदानंदशास्त्र्यांची पाठशाळा अद्याप भरत होती. विद्यार्थी तिघेच उरले होते. बाकीचे स्टेशनरस्त्यावरील इंग्रजी शाळेत गेले. आणि त्या शाळेला जागा अपुरी पडू लागल्याने ओवरी तिला मिळावी, अशी मागणी देवस्थानच्या पंचांपुढे आली. पंचांनी निवाडा शिक्षणखात्याच्या तपासनिसांवर सोपविला. त्यांना पाठ चालू दिसला तर ओवरी शास्त्र्यांची. न दिसला तर शाळेची.

शिष्यांना भय होते ते अनध्यायाचे. प्रतिपदेला, अष्टमीला, अकाली मेघ गर्जला तर, अथवा शिष्ट, विद्वान पुरुष दारी आला तर पोथी उघडायची नाही, ही शास्त्रीबुवांना गुरुगृही मिळालेली शिस्त. अतिथीला पाहून विद्येनेही आसन सोडावे, असे ते सांगत. गावाला ही थट्टेची बाब होती. देवस्थानचा गडी भटू ओवरी झाडता झाडता रोज विचारी,

"शास्त्रीबोवा, आज काय शे? ढग गरजना का गाय शिंकनी?"

"आज पंचमी. पाठ आहे. हात चालव."

तपासनीस सप्तमीला येणार असे कळले, तेव्हा थोरला शिष्य धुंडिराज याला हायसे वाटले. तरीही त्याने विचारले, "गुरुजी, साहेब दारी आले म्हणजे तेही अतिथीच ना?"

"अधिकारी आपल्या कामाला येतो. तो शिष्ट नव्हे. पाठ चालेल."

सप्तमीला ओवरी सारवलेली होती. भटूने कुठूनशी एक खुर्ची आणून ठेवली होती. पाठ सुरू झाला आणि थोड्याच वेळात तपासनीस आले. अंगात कोट, डोक्याला पगडी. कोणी न सांगता त्यांनी पायरीवर बूट काढले, खुर्चीकडे पाहिलेही नाही, पोथीला हात जोडून ते जमिनीवर बसले आणि शुद्ध, संथ संस्कृतात त्यांनी आचार्यांचे कुशल विचारले.

बाहेरच्या माणसाने त्या ओवरीत ही भाषा बोलून कित्येक वर्षे लोटली होती. शास्त्रीबुवांनी त्याच भाषेत उत्तर दिले. गुरुपरंपरेची विचारपूस झाली. पाहुण्यांचे आजोबा नाशिकला वेदान्त सांगत, हेही निघाले. मग शास्त्रीबुवांनी शांतपणे पोथी मिटली आणि रुमालात बांधली.

धुंडिराज कळवळून म्हणाला, "गुरुजी, आज नको!"

"पाठ चालू द्या, शास्त्रीबुवा," तपासनीस म्हणाले. "तोच पाहायला मी आलो आहे."

"अधिकारी आला असता तर चालू ठेवला असता. आपण आलात. आता अनध्याय."

तपासनीस महाविद्यालयात तासाच्या घंटेवर संस्कृत शिकले होते. त्यांना हा नियम ठाऊक नव्हता. तो ऐकून ते म्हणाले, "मी तर आपला मान राखायला गेलो. एक श्लोक तरी सांगावा. नाहीतर पाठ चालू नव्हता, असे मला कळवावे लागेल."

"तसेच कळवा. ते सत्य आहे."

भटू खांबाआडून पुटपुटला, "बोवा, काय करी ऱ्हायनात! हाई तं हातनं घर सोडनं शे."

शास्त्रीबुवा त्याच्यावर रागावले नाहीत. त्यांनी धुंडिराजला पाहुण्यांसाठी दूध आणायला पाठविले. दूध पाहुण्यांपुढे ठेवून तो गुरुजींजवळ आला. "आजच्या दिवसाने काय बिघडले असते?" त्याने दबल्या आवाजात विचारले.

"विद्वान दारी आला आणि मी जागेसाठी पोथी धरून बसलो, तर उद्या तुला कोणत्या तोंडाने शिकवू?"

उद्या अष्टमी होती.

पौषात ओवरीत शाळेची बाके आली. दोन शिष्य आपापल्या गावी परतले. धुंडिराजने वडिलांच्या आग्रहाने इंग्रजी शाळेत नाव घातले. शास्त्रीबुवा घरी पोथी उघडून बसत, पण समोर कोणी नसे. पुढच्या अष्टमीला देवदर्शन करून ते मागच्या बोळाने निघाले, तेव्हा भटू ओवरीच्या दारातली शाळेची घंटा वाजवीत होता. त्यांना पाहून तो ओशाळला.

"आज आठम शे, बोवा. माले याद शे. पन मन्हं काय चालस?"

आत संस्कृतचा तास सुरू झाला. पोरे मोठ्याने शब्दरूपे म्हणत होती. त्यांत धुंडिराजचा आवाज वेगळा ओळखू येत होता. शास्त्रीबुवांनी घडविलेला, स्वच्छ, अष्टमीला उंच चढलेला.

शास्त्रीबुवांनी उपरणे कानांवर घेतले. त्यानंतर प्रतिपदेला आणि अष्टमीला ते त्या बोळाने गेले नाहीत. पुढे पुढे इतर दिवशीही जाईनासे झाले.