मशीनचं झबलं

तिसऱ्या दिवशीही डब्या पांढऱ्याच निघाल्या, तेव्हा भार्गवी वसावडानं कपाळाला हात लावला.

डब्या रुपयाएवढ्या, पारदर्शक, आत गोल कागद. कमरेला छोटा पंप, तिथून नळी खांद्यावर आणि गळ्यापाशी ही डबी. माणूस जी हवा छातीत घेतो, तीच हवा पंप दिवसभर डबीतून ओढतो. थानगढच्या वशरामभाईंच्या पॉटरीत, म्हणजे चिनी मातीच्या बेसिनांच्या कारखान्यात, आठ तास फिरलेला कागद राखेसारखा व्हायला हवा होता. हा सकाळी होता तसाच कोरा!

आणि घासकामाची शेड कशी, तर खिडकीच्या कठड्यावर बोटानं आपलं नाव लिहावं, जेवून यावं, तोवर नाव बुजलेलं. साच्यातून काढून वाळवलेली बेसिनं पुढ्यात घ्यायची, कडा पात्यानं खरवडायच्या, पॉलिश पेपरनं घासायच्या आणि शेवटी हवेचा पाइप मारून भुकटी उडवायची. ती उडून जाणार कुठे? समोरच्या बाईच्या अंगावर. समोरची बाई तिची परत पाठवणार. बावीस वर्षं रूडीबेन मकवाणा अशा त्या शेडमध्ये बसत होत्या.

भार्गवी अहमदाबादहून धूळ मोजायला आली होती ती त्यांच्यासाठीच. रूडीबेननी टीबीची औषधं दोनदा पूर्ण घेतली, तरी दम जाईना. राजकोटच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून सांगितलं, ही टीबी नव्हे, ही धूळ आहे. पण डॉक्टरांच्या सांगण्यानं, आजार कामामुळे झाला की नाही ते ठरवणाऱ्या सरकारी बोर्डाचं समाधान होत नाही. शेडमध्ये किती धूळ आहे याचा आकडा कागदावर आला, तरच रूडीबेनचा आजार धुळीचा ठरणार आणि वशरामभाईंना शेड सुधारावी लागणार. आकडा नाही, तर पुन्हा टीबीच्या गोळ्या. बोर्ड शुक्रवारी बसणार होतं. आज सोमवार.

"पंप बंद पडला असेल," तिचे अहमदाबादचे वरिष्ठ दवेसाहेब फोनवर म्हणाले.

"आठ तास चाललाय, साहेब. नोंद आहे त्याच्यात."

"मग हवा चांगली असेल. लिहून टाक आणि ये परत."

भार्गवीनं फोन ठेवला आणि मनातल्या मनात साहेबांना त्या शेडमध्ये आठ तास बसवलं.

तिचा पहिला संशय अर्थातच वशरामभाईंवर. माणूस गोडबोल्या, येताजाता चहा पाजणारा. "माझी पॉटरी म्हणजे मंदिर, बेन," असं म्हणायचा आणि तिला हाताला धरल्यासारखा ऑफिसात न्यायचा. गाठिया, तळलेल्या मिरच्या, रकाबीत चहा. तो तिकडे आपल्याला खाऊ घालतो आणि इकडे कुणीतरी डब्या बदलतं, असं तिनं ठरवून टाकलं. पण डब्यांवर तिच्या हातचे नंबर होते, सह्या होत्या. एकही बदललेली नव्हती. वशरामभाई त्यापुरते तरी निर्दोष ठरले, याचा तिला जरा रागच आला.

मंगळवारी तिनं वेगळं करून पाहिलं. रूडीबेन, त्यांची सून दक्षा आणि शेजारची लाभुबेन, तिघींना नेहमीसारखे पंप लावले. चौथा पंप रूडीबेनच्या डोक्यावरच्या खिळ्याला टांगला. संध्याकाळी खिळ्यावरची डबी राखाडी, कागद शोधावा लागावा इतकी. बायकांच्या तिन्ही डब्या कोऱ्या.

ती गेस्टहाउसच्या खाटेवर चारही डब्या ओळीनं मांडून कितीतरी वेळ बघत बसली. म्हणजे हवेत धूळ आहे. मशीन ठणठणीत आहे. खिळ्याला लावलं की धूळ सापडते आणि माणसाला लावलं की नाहीशी होते! हे कोडं तिला इतकं आवडलं, की बोर्डाची काळजीसुद्धा घटकाभर विसरली. बायकांच्या अंगाला धूळ घाबरते की काय?

बुधवारी तिनं चहाला साफ नकार दिला.

"गाठिया गरम आहेत, बेन," वशरामभाई म्हणाले.

"असू द्या. मी आज इथंच बसणार."

शेडच्या दारात पालथी बादली घेऊन ती बसली. तास गेला. तिघी मुकाट्यानं बेसिनं घासत होत्या, पण काहीतरी बिनसलं होतं. दक्षा दर मिनिटाला स्वतःच्या गळ्यापाशी डबीकडे बघत होती. लाभुबेन दक्षाकडे बघत होती. रूडीबेन घासता घासता थांबत, ओढणीच्या टोकानं डबी हळूच पुसत आणि भार्गवीकडे चोरून बघत. आपण समोर बसून काही कळायचं नाही! भार्गवी मुद्दाम उठली, पाण्याच्या माठापर्यंत गेली, माठाआड उभी राहिली आणि वळून बघितलं.

रूडीबेननी कमरेच्या कनवटीतून एक पिशवी काढली होती. जुन्या ओढणीची, नाडीची, तान्ह्या पोराच्या टोपड्याएवढी. त्यांनी ती डबीवर चढवली, नाडी ओढली, वर ओढणी घेतली आणि सुटल्यासारखा श्वास टाकला. दक्षानंही चढवली. लाभुबेननंही.

"हे काय आहे?" भार्गवी धावत आली.

तिघींचे चेहरे शाळेत पकडल्यासारखे झाले. शेवटी दक्षाच सासूकडे बघत बोलली. "झबलं आहे. मशीनचं. बांनी शिवलंय."

"झबलं?"

"मळू नये म्हणून," रूडीबेन म्हणाल्या. "आतून दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिक लावलंय, बघा. एक कण जायचा नाही. संध्याकाळी काढून ठेवतो नि मग तुम्हाला देतो. तुम्ही पहिल्या दिवशी काय म्हणालात? महागाची वस्तू आहे, नीट सांभाळा. मग? परक्याची वस्तू मळवून परत द्यायची? आमच्यात तसं नसतं, बेन."

वशरामभाईंवर पाळत ठेवली, साहेबांना शिव्या घातल्या, आणि चूक निघाली तिच्याच जिभेची! पिशवीला कडेनं लाल दोऱ्याची नक्षीसुद्धा होती. तिला हसूही आलं आणि रडूही. ज्या बाईला चार पायऱ्या चढताना तीनदा थांबावं लागतं, ती घरी बसून मशीनला नक्षीचं झबलं शिवत होती.

"बा, हे मळण्यासाठीच आहे. मळलं तरच तुमचं काम होणार."

"मळण्यासाठी वस्तू?" रूडीबेनना पटेना. "वेडं समजता का मला? आणि काल खिळ्यावरचं किती घाण झालं! मला तर झोप नाही लागली."

रूडीबेनना कागद, आकडा, बोर्ड सांगून उपयोग नव्हता. भार्गवीनं जरा विचार केला. "बा, शेजारणीनं वाटकीतून भाजी पाठवली, तर वाटकी तुम्ही परत कशी देता?"

"कशी म्हणजे? भरून. रिकामी वाटकी कोण देतं?"

"मग मला तुम्ही चार दिवस काय देताय?"

रूडीबेनना असं हसू फुटलं, की त्याचा खोकला झाला, आणि खोकला थांबेपर्यंत दक्षा त्यांची पाठ चोळत राहिली. खोकला थांबल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं तिन्ही झबली सोडली.

संध्याकाळी शिफ्ट सुटली. रूडीबेननी पंप दोन्ही हातांनी, ताट द्यावं तसा पुढे केला. "घ्या बेन. भरून दिलंय."

लाभुबेन हसली. भार्गवीनं डबी दारातल्या उजेडात धरली. कागद राखाडी होता, मधोमध जाड.

"हे आजचं?" रूडीबेननी विचारलं.

"फक्त आजचं. एका दिवसाचं."

रूडीबेननी डबी डोळ्यांजवळ नेऊन निरखली. बावीस वर्षांचा हिशोब त्या करत असतील असं भार्गवीला वाटलं. पण त्यांनी आपली डबी बाजूला ठेवली आणि दक्षाची मागितली. दक्षाला या शेडमध्ये येऊन जेमतेम महिना झाला होता. बाळ आठ महिन्यांचं, ती पाजायला गेली तर काम सांभाळता यावं म्हणून तिला सासूनंच मुद्दाम आपल्या शेजारी जागा मागून घेतली होती. तिची डबी सासूच्या डबीपेक्षा काळी होती. महिनाभर हवेचा पाइप बहुतेक वेळ तिच्याकडेच असायचा.

"बा, मलापण एक झबलं शिवा आता," दक्षा थट्टेनं म्हणाली. "आतून प्लॅस्टिकवालं."

वशरामभाई दारात आले. "दक्षा, ती बारा बेसिनं राहिली. पाइप मारून टाक नि जा."

"नाही मारणार," रूडीबेन म्हणाल्या. बावीस वर्षांत त्यांनी मालकाला नाही म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. "पाइप बंद. ओल्या स्पंजनं पुसू. वेळ लागेल तेवढा लागेल. घाई असेल तर पाइप घ्या नि तुम्ही बसा हिच्या जागेवर."

वशरामभाई भार्गवीकडे बघून हसायला गेले. ती हसत नाही म्हटल्यावर ते ऑफिसकडे वळले.

भार्गवीनं पालथ्या बादलीवर बोर्डासाठी डब्यांच्या नोंदीचा कागद ठेवला आणि पेन काढलं. पहिल्या ओळीत तिनं रूडीबेनचं नाव लिहायला घेतलं. बोर्डापुढे अर्ज त्यांचाच होता.

"थांबा," रूडीबेननी तिचा हात धरला. तळहात पॉलिश पेपरसारखा खरखरीत होता. "माझं खाली लिहा. आधी दक्षाचं लिहा."