पूर्ण नव्वद मिनिटं

“अकरा वर्षं परदेशात खेळला, तीन देशांचं पाणी प्यायला, पण मोजे धुवायला अजून मीच,” नेस्टा नळाशी पुटपुटत होती. “तिकडे म्हणे कपडे धुवायला पगारी माणूस असायचा. त्यालाच बरोबर घेऊन यायचं.”

“मला सांगतेस का गं?” मी शेजारीच रताळी धूत होते.

“तुम्हाला नाही आत्या, मोज्याला सांगतेय.”

मोजे पांढरे होते, जवळजवळ नवे. शनिवारच्या सामन्यासाठी जडसनने ते जपून ठेवलेले.

होनियारा ही आमच्या बेटांची राजधानी, तिच्या मागच्या टेकडीवर आमची वस्ती. सगळे मलाइता बेटावरून आलेले, त्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याचा कुणी ना कुणी लागतोच. जडसन माझ्या भावाचा मुलगा. भाऊ लवकर गेला, म्हणून तो माझ्याच घरी वाढला. एकविसाव्या वर्षी, नेस्टाशी लग्नाला चार महिने झाले असताना, न्यूझीलंडच्या एका क्लबने त्याला बोलावून घेतलं. तिथून फिनलंड. फिनलंडमध्ये तो खरा बहरला. बर्फात केशरी चेंडूमागे धावतानाचा त्याचा फोटो अजून वस्तीतल्या अलिककाकाच्या भिंतीवर आहे, बिशपच्या कॅलेंडरच्या शेजारी, आणि खरं सांगायचं तर बिशपपेक्षा थोडा वर. मग ऑस्ट्रेलियातलं एक आडगाव. तिथे सकाळी मांसाच्या कारखान्यात पेट्या भरायच्या आणि संध्याकाळी फुटबॉल. तिथेच गुडघ्याचं दोनदा ऑपरेशन झालं. मग क्लबने एक केक कापला, टाळ्या वाजवल्या आणि विमानाचं तिकीट हातात दिलं.

दर नाताळला तीन आठवडे यायचा आणि जाताना नेस्टाला म्हणायचा, “अजून एकच मोसम.” असे अकरा मोसम तिने ऐकले.

तो मधल्या फळीत खेळायचा. गोल मारणाऱ्याचं नाव होतं, गोल अडवणाऱ्याचंही होतं; मधल्याच्या पायातून नुसता चेंडू जातो. पण जडसनकडून गेलेला चेंडू जिथे पोचायचा तिथे पुढच्याला मान वर करूनसुद्धा बघावं लागायचं नाही. हे मला फुटबॉलमधलं काही कळत नसतानाही कळायचं.

परत येऊन वर्ष झालं होतं. घराच्या पायऱ्या तो आता आडवा होऊन उतरायचा, एका हाताने खांब धरून. तो उतरायला लागला की अंगणातली माणसं सुपारी फोडण्यात गढून जायची. मीसुद्धा.

आणि त्या आठवड्यात मलेशियाहून निरोप आला. तिथल्या कुठल्याशा छोट्या क्लबला मधल्या फळीत अनुभवी माणूस हवा होता. जुने फोटो नकोत, निवडलेले तुकडे नकोत. हल्लीचा एक सामना, पूर्ण नव्वद मिनिटं, न कापता, बुधवारपर्यंत. जडसनने तो निरोप चारदा वाचून दाखवला. तेहतिसाव्या वर्षी पुन्हा कुणी विचारत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

“मग काय, शनिवारी सामना!” अलिककाका उठून उभा राहिला. वस्तीचा संघ वीस वर्षं त्यानेच घडवला होता. “लाल विरुद्ध पांढरे. पांढरे शर्ट कमी पडले तर बनियन. चित्रीकरण आत्या करतील.”

“मी?”

“तुमचा हात थरथरत नाही. फक्त फोन आडवा धरा. मागे बाप्तिस्म्याला तुम्ही पाळकाचे नुसते पाय काढले होते.”

“पाय स्वच्छ होते त्याचे,” मी म्हटलं, आणि सगळे हसले. जडसनही हसला. किती महिन्यांनी.

सामन्याच्या आधी कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. शपथेवर सांगते. आमच्याकडे बसलेल्या माणसाचे पाय कुणी ओलांडत नाही, वळसा घालून जातात. लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं ते. पण मैदानावर तो नियम नसतो. मैदानावर आमची पोरं जनावरं होतात. त्यात टायटस तर बंदरावर गोणी उचलणारा गडी. गेल्या लीगमध्ये त्याच्या आडव्या पायाने तिघं जण लंगडत घरी गेले. जडसनचा चुलतभाऊ. शनिवारी तो समोरच्या संघात होता.

शाळेच्या मैदानाकडेला एक मोडका ट्रक आहे, त्याच्या मागच्या फळीवर मी चढले. ऊन असं की फोन हातात तापत होता. अलिककाकाने शिट्टी वाजवली.

मी चेंडूमागे फिरलेच नाही. जडसनवर फोन धरून ठेवला. त्यामुळे मला जे दिसलं ते कडेला उभ्या असलेल्या बायकांना दिसलं नसेल, किंवा दिसलं असेल आणि त्याही माझ्यासारख्याच गप्प राहिल्या असतील. त्या छोट्याशा चौकटीत जडसनच्या भोवती रिकामी जागा होती. तो सरकला की ती जागाही सरकायची. पोरं धावत यायची, हातभर अंतरावर थबकायची, हात पसरून उभी राहायची. आणि तो शांतपणे मान वर करून चेंडू द्यायचा. चेंडू अजून तसाच जायचा, अगदी तसाच. तेच बघवत नव्हतं.

उत्तरार्धात एक चेंडू त्याच्यापासून पाचसहा पावलांवर पडला. जडसन निघाला. टायटस दुसरीकडून निघाला. टायटस त्याच्या आधी पोचला, हे मी बघितलं. पोचला, पाय पुढे केला, आणि चेंडूवरून हवेतच फिरवला. मग धडपडल्यासारखा गुडघ्यावर बसला. जडसनने चेंडू घेतला, पुढे दिला, गोल झाला. बायका किंचाळल्या. कुणीतरी डबा वाजवला.

“अरे टायटस, सकाळी खाल्लं नव्हतंस काय?” कडेने कुणी ओरडलं.

“दादापुढे कुणाचं चालतंय!” टायटस उठला. पँट झटकताना त्याने माझ्याकडे, म्हणजे फोनकडे, पाठ केली.

रविवारी चर्चमधून आल्यावर सगळे अलिककाकाच्या ओट्यावर जमले. मासे, भात, कसाव्याच्या कंदाचा गोड गोळा. भाताच्या पातेल्याला टेकवून फोन उभा केला आणि सामना पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

“हा बघा, हा पास बघा!”

“मलेशियावाले विमान पाठवतील आता.”

“आत्यांनी डोकी पण काढली या वेळी.”

जडसन पुढे वाकून बघत होता. नेस्टा कोपऱ्यात माशाचे काटे वेगळे करत बसली होती. शनिवारी रात्री भांडी घासताना ती मला एवढंच म्हणाली होती, “आत्या, मी बोलले तर म्हणतील, हिला नवरा घरात बांधून ठेवायचाय. आणि ते खोटंही नाही ना. मग मी कुठल्या तोंडाने बोलू?” त्यावर मी तिला तोडगा द्यायला हवा होता. मी पातेलं पुसलं.

चेंडू पाचसहा पावलांवर पडला. जडसनने बोट लावून चित्र थांबवलं. मागे नेलं. पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं.

“टायटस.”

“हं, दादा.”

“तू आधी पोचला होतास.”

“कुठे? नाही रे. ऊन होतं डोळ्यांवर.”

“ऊन तुझ्या पाठीमागे होतं.”

“मग पाय घसरला असेल.” टायटसने सुपारी तोंडात टाकली, चुना लावायचा विसरला. “तू काय चौकशी लावलीस? पाठव की ते! आज सोमवारही नाही उजाडला.”

“पाठव, पाठव,” अलिककाका घाईने म्हणाला. “बाजारात नेटचं दुकान उद्या सकाळी उघडतं. मी येतो बरोबर. त्या लोकांना काय, पास बघायचेत. पास बघून ते...”

“ते नुसते पास नाही, माझ्यापुढे थबकणारी माणसंही बघतील, काका,” जडसन म्हणाला. “मी दहा वर्षं असले व्हिडिओ क्लबवाल्यांबरोबर बसून बघितलेत. मला एवढंच सांगा, मी विचारतोय ते बरोबर आहे की माझं डोकं फिरलंय?” त्याने एकेकाकडे बघितलं. अलिककाका भिंतीवरच्या बिशपकडे बघायला लागला. टायटस जमिनीकडे. मग तो माझ्याकडे वळला. “आत्या, फोन तुझ्या हातात होता. तू सांग.”

माझ्या तोंडात भाताचा घास होता. मी तो चावत राहिले. देवा, मी तो चावतच राहिले.

नेस्टाने माशाची ताटली बाजूला सरकवली. हात पदराला पुसावे तसे स्कर्टला पुसले.

“तुला आता पळता येत नाही, जडसन,” ती म्हणाली. “वर्ष झालं. आणि आता येणारही नाही.”