गिरणीतला गडी

वुकान कामाला लागला त्याच दिवशी मी ठरवलं होतं, याला घालवायचा. तो आमच्या मालकाच्या, नेबोयशाच्या, कुमाचा मुलगा. कुम म्हणजे लग्नात साक्षीला उभा राहिलेला, बाप्तिस्म्याच्या वेळी पोरांना हातात धरलेला माणूस. आमच्याकडे लोक सख्ख्या भावाला एक वेळ नाही म्हणतील, कुमाला म्हणणार नाहीत. त्या कुमाने पोराला पुढे केलं आणि नेबोयशाने मान डोलावली. पोराला येत काय होतं, हे विचारायची सोयच नव्हती.

"तीन महिने सांभाळ," नेबोयशा मला म्हणाला. "मग सगळ्यांसमोर परीक्षा घे आणि सांग, जमत नाही म्हणून. म्हणजे मी कुमाला सांगेन, माझं काही चालत नाही रे बाबा, यागोदा कशी आहे तुला ठाऊकच आहे."

"कशी आहे मी?"

"अगं, म्हणजे... कडक."

"शेपूट घालतोस तू आणि वाईटपणा मी घ्यायचा?"

"घेशील ना?"

"आनंदाने," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. वशिल्याची माणसं माझ्या डोक्यात जातात.

नोव्ही साद शहरातल्या आमच्या स्टुडिओत आम्ही संगणकावरचे गेम बनवतो. त्यातली माणसं चालतात, बसतात, मारामाऱ्या करतात, ते सगळं माझ्या विभागातून जातं. त्या वर्षी डॅन्यूबकाठच्या एका झपाटलेल्या गिरणीचा गेम चालू होता. गिरणी चालवणारी एक म्हातारी आणि तिची पोती वाहणारा एक गडी, ही त्यातली मुख्य माणसं.

वुकानने पहिल्या आठवड्यात गडी चालवून दाखवला. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "हा चालतोय की बर्फावरून घसरतोय?"

"बॉस, मी व्हिडिओ बघून शिकलो..."

"मग व्हिडिओवाल्याला पाय नव्हते वाटतं. जमिनीला टेकलेला पाय उचलेपर्यंत तिथेच राहतो. तुझ्या घरी सरकतो का?"

आमच्याकडे रीत अशी की कुठलीही हालचाल आधी स्वतः करायची, फोनवर टिपायची आणि मगच संगणकाला हात लावायचा. वुकानला लाज वाटायची. मग तर मी त्याला सोडलाच नाही. पाण्याच्या बाटल्यांचं खोकं खांद्यावर देऊन त्याला व्हरांड्यात येरझाऱ्या घालायला लावल्या. खालच्या मजल्यावरच्या वकिलाच्या कचेरीतल्या बायकासुद्धा वर येऊन बघून गेल्या.

"वजन हातात नसतं, गाढवा, कमरेत असतं! कुठल्या पायावर भार आहे? तीच बाजू वर जाते ना? आणि उचलायच्या आधी जरा खाली दबतोस, ते कळलं का तुला? ते दाखव. नुसतं वर उचललंस तर ते पोतं नाही, फुगा वाटतो."

असं रोज. गड्याने दोन्ही हात एकदम वर केले, तर मी म्हणायची, "दोन्ही हात एकदम कोण उचलतं? पोलिसांनी धरलेला चोर." गडी मागे वळला, तर "आधी डोळे वळतात, मग मान, मग अंग. तुझा हा फ्रिजच्या दारासारखा उघडतोय." गडी उभा राहिला, तर "उभा आहे म्हणजे मेला का? श्वास घेऊ दे त्याला, पापणी हलू दे." चालता चालता थांबला, तर "कुणी खिळा ठोकला याला? माणूस थांबतो तेव्हा किंचित पुढे जातो आणि मग मागे येऊन स्थिर होतो."

सांगितलं ते सगळं खरं सांगितलं. शत्रूलाही मी चुकीचं शिकवत नाही, तेवढा माझा ताठा आहे. पण ते असं सांगायची की मजल्यावरच्या कॉफीच्या यंत्रापाशी उभ्या असलेल्यांनाही ऐकू जावं आणि त्यांनी हसावं. ते हसायचेही.

माझ्या हाताखालची तियाना एकदा म्हणाली, "यागोदा, जरा हळू घे. पोरगं दुपारचं जेवत नाही हल्ली. खायला आणलेला बुरेक तसाच कागदात पडलेला असतो."

"नको जेवू दे. बारीक होईल, पळून जायला बरं."

तियाना हसली. निदान मला तरी तसं वाटलं.

परीक्षेच्या दिवशी सगळे मोठ्या खोलीत जमले. नेबोयशा कॉफी घेऊन पुढे बसला, चेहरा आधीच मयताला आल्यासारखा. वुकान भिंतीला टेकून उभा होता. विषय त्यानेच निवडायचा होता, छोटासाच प्रसंग, संवाद नको. आमच्याकडे काम पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरत राहतं आणि विभागप्रमुखाने मोठ्याने बोलायचं, काय बरं, काय वाईट. माझी जीभ तिखट आहे, हे अख्ख्या नोव्ही सादला माहीत आहे. पण पडद्यासमोर उभं राहून चांगल्या कामाला मी आजवर वाईट म्हटलेलं नाही. माझ्यापाशी अभिमान बाळगण्यासारखं तेवढंच आहे, आणि त्या दिवशी त्याची गरज लागेल असं मला मुळीच वाटलं नव्हतं.

पडद्यावर गडी पोतं घेऊन उभा. म्हातारी येते, पोत्यात हात घालते, पीठ चिमटीत चोळून बघते. बस, एवढंच. मी चुका शोधायला लागले. पाय बघितले, घट्ट रोवलेले. कंबर बघितली, वजन बरोबर तिथेच. म्हातारीने पीठ खाली टाकलं, एक हात कमरेवर ठेवला, दुसऱ्या हाताच्या अंगठीने टेबलावर टकटक केली, हनुवटी तिरकी पुढे काढली आणि नाकाने जोरात श्वास घेतला.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी कुणीतरी. पडद्यावरची ती म्हातारी मी होते. अंगठी, हनुवटी, सगळी मी. माझ्या कानशिलांना आग लागली. भर सभेत या पोराने मला चेटकीण करून नाचवलं होतं.

"पुन्हा लाव," मी म्हटलं. "सावकाश लाव."

त्याला हाणायला मला एखादी चूक हवी होती. म्हातारीकडे बघवेना, म्हणून या वेळी मी गड्याकडे बघत राहिले. म्हातारीने श्वास घेतला. हात उचलला नव्हता, ती वळलीसुद्धा नव्हती, आणि गड्याचा एक खांदा कानाकडे गेला. तिच्या बाजूचा. अगदी थोडासा. मग त्याने तो दाबून खाली आणला, आधी होता त्याहूनही खाली. डोळे पोत्यावरच होते.

"मग, यागोदा?" नेबोयशा म्हणाला. माझ्या वतीने तोच मान हलवत होता. "नाही ना जमलं?"

एक चूक सापडली होती, गड्याच्या डाव्या हाताची बोटं ताठ होती. खरंच होती. तेवढं बोलून 'नाही' म्हटलं असतं तर वुकान जेवायच्या सुट्टीआधी बाहेर गेला असता. 'नाही' अगदी जिभेवर होतं. आणि पडद्यावर तो गडी पुन्हा पुन्हा खांदा दाबत होता.

"म्हातारीचं सोडा," मी म्हटलं. "नकला कुणीही करतं. गडी बघा. तिने नुसता श्वास घेतला आणि याचा खांदा गेला. एकच. दोन्ही गेले असते तर नाटक झालं असतं. आणि मग तो खाली दाबतो, तिला दिसू नये म्हणून. हे कुठल्या व्हिडिओत शिकवत नाहीत. हे..." पुढचं बोलायला मला फार जड गेलं. "हे रोज सोसल्याशिवाय येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ठेवून घे. कर तुझ्या कुमाला फोन."

नेबोयशाला हसावं की रडावं कळेना. वुकानने माझ्याकडे बघितलंही नाही. तो नेबोयशालाच म्हणाला, "काका, मी राहतो. पण यांच्या हाताखाली नाही."

"अरे, मग बसवू कुठे तुला?"

"जिन्यात बसवा."

"फार उपकार झाले," मी म्हटलं. "जिन्याची तरी शोभा वाढेल."

माझ्या असल्या बोलण्यावर खोलीत नेहमी हशा पिकतो. कुणी हसलं नाही. तियाना कपात बघत बसली होती. दार उघडं, खिडकी उघडी, गार वारा खोलीतून आरपार जात होता. असल्या वाऱ्यात आमच्याकडे कुणी क्षणभर बसत नाही, लगेच कटकट सुरू होते, मान आखडेल, कान ठणकतील. त्या दिवशी सगळे तसेच बसून होते, खिडकी लाव म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. मला त्याचाही संताप आला. मी खुर्ची मागे ढकलून उठले.

तियानाचा खांदा वर गेला. तिच्या शेजारच्याचा गेला, त्याच्या पलीकडच्याचाही. अख्ख्या रांगेत माझ्या बाजूचा एकेक खांदा वर गेला आणि प्रत्येकाने तो हळूच दाबून खाली आणला, मला दिसू नये म्हणून.

मी फक्त खिडकी लावायला उठले होते.