वाघाची गॅरंटी

मोहर्लीच्या जंगल सफारीच्या गेटवर पर्यटकांची जिप्सी चालवणाऱ्या जाहिदला कोणी काही नवीन सांगितलं, की पुरतं ऐकायच्या आधीच तो ते खरं मानून बसतो. यावेळी मात्र ते त्याच्या पोरीच्या जिवावर बेतलं.

अकरा वर्षांच्या मदीहाला मधुमेह आहे. रोज इन्सुलिनची सुई घ्यावी लागते. सफारीला आलेल्या एका साहेबांनी जाहिदला सांगितलं, की स्टेम सेलनं हा आजार मुळासकट जातो. त्यानं शहरातल्या एका दवाखान्यात फोन लावला. तिथून उत्तर आलं, "एकच इंजेक्शन, शंभर टक्के गॅरंटी. फक्त आठ दिवस आधीपासून इन्सुलिन बंद ठेवा." झालं! आज सकाळची सुई त्यानं देऊच दिली नाही.

दुपारी पोरगी सारखी पाणी मागू लागली. तिची आई कमरजहाँ घाबरली आणि धावत जाऊन गावच्या आरोग्य उपकेंद्राच्या स्वाती सिस्टरला घेऊन आली. साखर चारशेच्या वर निघाली. सिस्टरनं डॉक्टरांना फोनवर विचारून, गारव्याला मडक्यात ठेवलेलं इन्सुलिन काढलं आणि सुई दिली.

"जाहिदभाऊ, काऊन बंद केली?"

"मंग ते स्टेम सेल खोटं हाय का, सिस्टर?"

"खोटं नाई. संशोधन चालू हाय."

मदीहानं मान वर केली. "त्यात करतेत काय?"

"जी पेशी अजून कायचीच बनली नाई, तिले प्रयोगशाळेत वाढवून इन्सुलिन बनवाले शिकवतेत. मंग शरीरात सोडतेत. मोजक्या लोकायची सुई सुटलीबी."

"मंग मले काऊन नाई देत?"

"शरीर त्या पेशीले परकी समजून मारते. ते थांबवाले जड औषधं घ्या लागतेत. लेकरायले ते झेपते का, किती वर्षं टिकते, हे अजून तपासून राह्यले."

"पण त्यायनं गॅरंटी देल्ली," जाहिद पुटपुटला.

"तुमी पर्यटकाले वाघाची गॅरंटी देता?"

"जंगल हाय ते. दिसला त दिसला."

"अन् जो देते, तो?"

जाहिदनं मान खाली घातली. "तो फसवते, सिस्टर."

"मी मोठी होईपर्यंत निघन का ते औषध?" मदीहानं विचारलं.

"निघू शकते," सिस्टर म्हणाली.

मित्रहो, नव्या विज्ञानाची आशा जरूर धरा, मदीहासारखे प्रश्नही विचारा. पण चालू औषध बंद करायला लावून वर हमी देणाऱ्याच्या दारात पाऊल टाकू नका.

जाहिदनं पोरीला जवळ घेतलं. "ते औषध निघन तवा तू असली पाहिजे, बेटी."